कन्यादानाचा रकाना

माझी नोकरी लोकांना लिहू न देण्याची आहे. नांदेडच्या एका कॉलेजात मी परीक्षा विभागात बसते आणि प्राध्यापकांनी गुण भरायच्या शीटमध्ये कोणी कुठे बोट लावायचं, कुठे लावायचं नाही, हे ठरवते. मराठीच्या सरांना भौतिकशास्त्राच्या रकान्यात काही लिहिता येऊ नये, एवढंच माझं जीवितकार्य. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या माणसाला पीएच.डी. मिळालेली असते, तो लॉक केलेला रकाना दिसला की नेमका तिथंच टाइप करायला जातो, आणि मग मला फोन करून सांगतो, "मॅडम, तुमचं कॉम्प्युटर बिघडलंय." मी म्हणते, "नाही सर, ते तुम्हाला ओळखतं."

एवढा अनुभव गाठीशी असताना भाचीच्या लग्नाची शीट मीच करते असं मी आपण होऊन म्हणाले. कोणी मला बोलावलं नव्हतं. काही माणसांना घरीही ऑफिसातला मार खायची हौस असते.

भाची म्हणजे अक्काची मुलगी. अक्का माझी थोरली बहीण, लातूरला राहते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एका कोचिंग क्लासच्या हॉस्टेलचं ऑफिस ती सांभाळते. डॉक्टर व्हायला आलेली पोरं जेवली का, अभ्यासाला बसली का, भिंतीवरून उडी मारून सिनेमाला गेली का, याची हजेरी रोज सकाळी कॉम्प्युटरवर भरते. त्या नोकरीवर तिनं पोरीला इंजिनिअर केलं. पोरगी पुण्यात कामाला लागली, तिथंच उदगीरचा एक मुलगा तिला भेटला, दोन्ही घरांना पसंत पडला, आणि लग्न लातूरला करायचं ठरलं. पाहुणे उदगीरचे, नांदेडचे आणि मधल्या ज्या ज्या गावाला एसटी थांबते तिथले. ही सगळी माणसं एका शीटमध्ये नीट बसवली की लग्न सुरळीत होईल असं मला वाटलं.

शीटमध्ये मी पाच पानं केली. पाहुणे, गाड्या, मुक्काम, जेवण आणि विधी. लिहायचा अधिकार मला आणि भाचीला. बाकी सगळ्यांना फक्त बघायची परवानगी. लिंक ग्रुपवर टाकली आणि कॉलेजात जाऊन बसले. दुपारच्या आत पहिला फोन आला तो थोरल्या भावजींचा.

हे थोरले भावजी म्हणजे अक्काचे मोठे दीर. लातूरला त्यांची दालमिल आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असतं आणि डाळीच्या बाबतीत निकाल असतो. भाऊ गेल्यावर अक्काच्या घरावर त्यांचं लक्ष राहिलं, आणि हे लक्ष माया किती आणि पहारा किती हे मला कधी नीट कळलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "आमाला निस्तं बघायलाच ठेवलाव का?"

मी म्हणाले, "भावजी, चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून सगळ्यांनाच तसं दिलंय."

"सगळ्यास्नी द्या की. आमी सगळ्यात हाव का?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्याकडं लग्नात मानपान कशाकशात असतो याची मला कल्पना होती. टोपीत असतो, फेट्यात असतो, कोण कुणाच्या गाडीत पुढं बसलं यात असतो. आता तो शीटमध्येही आला होता. मी भावजींना लिहायचा अधिकार दिला. संध्याकाळपर्यंत आमच्या भावाला, म्हणजे नवरीच्या मामाला द्यावा लागला, कारण काकाला आहे आणि मामाला नाही हे कुठल्या शास्त्रात बसतं.

बघणं आणि लिहिणं यांच्या मधे आणखी एक परवानगी असते, शेरे मारण्याची. ती मी बायकांना दिली. ही माझी मोठी चूक. आमच्याकडच्या बायकांना या कामासाठी आजवर कधी सॉफ्टवेअरची गरज पडलेली नव्हती, आणि ते मिळाल्यावर त्यांनी काहीच हातचं राखलं नाही. जेवणाच्या पानावर वांग्याच्या भाजीखाली इतके शेरे जमले की भाजी दिसेनाशी झाली. एकीनं लिहिलं, मागच्या लग्नात वांगं कडू निघालं होतं. दुसरीनं विचारलं, कुणाच्या लग्नात ते स्पष्ट लिहा. तिसरीनं लिहिलं. मी ती परवानगी घाईघाईनं काढून घेतली, आणि त्यावरून दोन मावश्या माझ्याशी आजही जेवढ्यास तेवढं बोलतात.

खरा स्फोट जावयानं केला. थोरल्या भावजींचे जावई निलंग्याला असतात. शांत माणूस. त्यांनी लिंक उघडली, काही लिहायला गेले, तर पडद्यावर बटण आलं, 'परवानगी मागा'. त्यांनी ते दाबलं. बिचाऱ्यानं सरळ मनानं दाबलं. मला मेल आली, पण त्या दिवशी आमच्याकडं परीक्षा होती, मी संध्याकाळी पाहिली. तोवर निलंग्यापासून उदगीरपर्यंत बातमी पोचली होती की मुलीकडच्यांनी जावयाला अर्ज करायला लावला.

"ताई, जावई हाय तो," भावजी फोनवर म्हणाले. आवाज खाली आला होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "जावई मागत नसतो. जावयाला देत असतेत."

"भावजी, ते मशीन आपोआप विचारतं."

"मशीन तुमचंच हाय ना पण?"

मी हात टेकले. लिंक ज्याच्याकडं असेल त्याला काहीही लिहिता येईल असं करून टाकलं. कोणाला मान कमी नको, जास्त नको. एका बटणात मी जी समता आणली ती आणायला मोठमोठ्या माणसांचं आयुष्य गेलं असेल. दोन दिवसांत कळलं की ती माणसं थांबून थांबून का आणत होती.

पहिल्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या पानावर सगळे आपापल्या नावाशेजारी हात जोडायला लागले. चित्रातले हात. कोणी गुलाब ठेवला. एका आजोबांनी गाड्यांच्या पानावर, ड्रायव्हरचा मोबाईल नंबर असायला हवा तिथं, 'शुभ आशीर्वाद' असं लिहिलं. त्या ड्रायव्हरला नंतर कुणालाच फोन लावता आला नाही. कुणीतरी एक अख्खा रकाना उडवून टाकला आणि ग्रुपवर अभिमानानं कळवलं की तो उगं रिकामा पडला होता. तो मुक्कामाच्या खोल्यांचा रकाना होता, रिकामा यासाठी की खोल्या अजून ठरायच्या होत्या.

आणि मग ओळींचं सुरू झालं. मी नावं जशी आठवली तशी टाकली होती. पण आमच्या लोकांनी आयुष्यात नावांची एकच यादी नीट वाचलेली असते, ती लग्नपत्रिका. तिथं वर कोण, खाली कोण, यावरून भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. त्यांनी शीट उघडली आणि ती पत्रिकेसारखीच वाचली. भावजींच्या वरच्या ओळीत टेम्पोवाला होता. मामाच्या वर मंडपवाला. प्रत्येकानं आपलं नाव उचलून वर न्यायला सुरुवात केली, आणि ज्याला उचलता आलं नाही त्यानं वर नवीन ओळ घालून तेच नाव पुन्हा लिहिलं. एक गृहस्थ तीनदा लग्नाला येणार होते आणि तिन्ही वेळा सहकुटुंब.

मी म्हणाले, आता अक्षरांच्या क्रमानं लावते, म्हणजे भांडणच नको. ते करायच्या आधीच कुणीतरी केलं. पण केलं ते फक्त नावांच्या रकान्याला. नावं हलली, शेजारची माहिती जिथल्या तिथं राहिली. त्यामुळं मामाचा मुक्काम वाजंत्रीवाल्यांसोबत गेला, वाजंत्रीवाल्यांना नवरदेवाच्या आत्यांची खोली मिळाली आणि 'अ' अक्षराचा एक लांबचा मेहुणा एका रात्रीत घराण्याचा प्रमुख झाला. त्यानं तेवढ्यात ग्रुपवर सूचना द्यायलाही सुरुवात केली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. जुनी प्रत परत आणायची सोय असते, मी आणत होते. रोज सकाळी कॉलेजात जायच्या आधी चहा पिता पिता घराण्याची फेरजुळणी करायची सवयच लागली. पण विधीच्या पानावर जे चाललं होतं ते हसण्यासारखं नव्हतं.

विधीच्या पानावर हळद कोण लावणार, करवली कोण, मामानं कधी उभं राहायचं, असं सगळं होतं. त्यात एक ओळ कन्यादानाची. समोरच्या रकान्यात भाचीनं एकच शब्द लिहिला होता. आई.

आता आमच्याकडं हे होत नाही. बाप नसेल तर काका-काकू बसतात, नाहीतर मामा-मामी. नवरा नसलेली बाई पोरीला जन्म देऊ शकते, शिकवू शकते, तिच्या फीसाठी हॉस्टेलवर लोकांच्या पोरांची हजेरी घेऊ शकते. फक्त त्या पोरीचा हात नवरदेवाच्या हातात ठेवायची वेळ आली की तिनं मागं सरकायचं, स्वयंपाकाकडं बघायचं, बॅगांवर लक्ष ठेवायचं. मला हे कधी पटलं नाही. भाचीला तर अजिबात नाही. म्हणून तो शब्द तिनं लिहिला तेव्हा मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिथं 'मोठे काका-काकू' असं होतं.

भाचीनं परत 'आई' लिहिलं. पुढच्या दिवशी परत 'मोठे काका-काकू'. असं होत राहिलं. ती संध्याकाळी पुण्याहून लिहायची, सकाळी दहाच्या सुमारास कुणीतरी बदलायचं. कोण, ते कळायला मार्ग नव्हता, कारण लिंक सगळ्यांना उघडी करून ठेवण्याचं शहाणपण मीच केलं होतं आणि ज्यांनी नावानिशी प्रवेश केला नाही ते सगळे शीटच्या लेखी अनोळखी. पण मला सांगायची काय गरज. सकाळी दहाला दालमिल उघडते.

एका रविवारी भाचीचा फोन आला. तिचा आवाज तापलेला असला की शब्द फार नीट येतात, ते माझ्याकडून गेलंय.

"मावशी, मी एकदाच सांगते. कन्यादानाला आई बसणार नसेल तर मी कोर्टात जाऊन सही करून येते. तुम्ही सगळे जेवून घ्या."

"उदगीरचे काय म्हणतील?"

"त्यांना मी विचारलंय. ते म्हणाले, तुमच्याकडचं तुम्ही ठरवा."

म्हणजे ठरवायचं आमच्याकडंच होतं. मी त्याच दिवशी त्या रकान्यात 'आई' लिहिलं आणि त्याला कुलूप घातलं. मी आणि भाची सोडून कुणालाही तिथं अक्षर लिहिता येणार नाही. आयुष्यभर परक्यांचे गुण सांभाळण्यात गेलं, एकदा तरी ही विद्या घरच्या कामी आली, याचा मला अभिमान वाटला. पण कुलूप लावलं म्हणून भांडण संपत नाही, हेही मला ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी भर मंडपात भावजींनी तोंड उघडलं तर तिथं लॉक करायला काही नाही. म्हणून मी सुट्टी काढली आणि लातूरची एसटी धरली.

दालमिलमध्ये भावजी गादीवर बसले होते. समोर ताटल्यांत तुरीचे नमुने. मला बघून त्यांनी चहा सांगितला.

मी प्रस्तावना केली नाही. "भावजी, तुम्हाला अक्कानं बसलेलं चालणार नाही हे तोंडावर सांगा. रोज सकाळी चोरून नाव पुसण्यात काय मोठेपणा आहे?"

"कशाचं नाव?"

"कन्यादानाचं. विधीच्या पानावरचं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला, शीट उघडली आणि माझ्यापुढं धरली. पाहुण्यांचं पान होतं. त्यांचं नाव सगळ्यात वर. "मी हे एवढंच बघून राहिलो रोज. ते विधीचं कुठं असतंय?"

मी त्यांना दाखवलं की खाली एक पट्टी असते, तिच्यावर बोट दाबलं की दुसरं पान उघडतं. भावजींनी बोट दाबलं. गाड्या आल्या. परत दाबलं. मुक्काम आला. त्यांचा चेहरा मेळ्यात आलेल्या माणसासारखा उजळला. एवढे दिवस त्यांना एकच पान आहे असं वाटत होतं, आणि मी त्यांना अधिकार देऊन देऊन थकले होते.

विधीचं पान आल्यावर त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं असावं. मोबाईल खाली ठेवला.

"मी न्हाई बदललं, ताई. लेकीची शपथ. आन् मला इचारलं असतं तर मी न्हाईच म्हणलो असतो, तेबी खरंच हाय. पण चोरून न्हाई. मला चोरून येतच न्हाई, तुमाला मालूम हाय."

ते खरं होतं. भावजींना काहीही चोरून करता येत नाही. ते कुजबुजतात तेव्हा बाजूचा गाळा ऐकतो. तरीही मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि त्याचं उत्तर मला नको होतं बहुतेक. मी चहा प्यायले आणि रिक्षा करून अक्काकडं गेले.

अक्का हॉस्टेलवरून नुकतीच आली होती. भाकरी करत होती. मी पाटावर बसले आणि तिला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. जावयाचा अर्ज, वांगी, भावजींना सापडलेली पानं. तिला हसू आवरेना. मग मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आता कुणाच्या बापाला तुझं नाव काढता येणार नाही. कुलूप घातलंय."

अक्का हसायची थांबली. तव्यावरची भाकरी उलटली. "बघितलं मी सकाळी," ती म्हणाली. "हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर. बोट लावलं की काहीतरी चौकोन येऊन राहिला, परवानगी न्हाई म्हणून." मग मला विचारलं, "ते काढतीस का?"

"काय काढू?"

"कुलूप. मीच बदलून राहिले होते ते."

मला राग आला. तिचा नाही, कशाचा ते सांगता येत नाही. मी तिला म्हणाले की तुझ्यासाठी पोरगी कोर्टात लग्न करायला निघालीये, मी नांदेडहून येऊन तुझ्या दिराला चोर ठरवून आले, आणि तू रोज हजेरी भरता भरता स्वतःलाच गैरहजर लावतेस.

"वरडू नको," अक्का म्हणाली. "भाकर करपंल."

"मग सांग काहून."

तिनं भाकरी उतरवली, दुसरी थापायला घेतली. हात चालू असला की तिला बोलता येतं. "मी हात लावला आन् उद्या तिच्या संसारात काही कमीजास्त झालं, तर काय म्हणतील तुला मालूम हाय. रांडव बाईनं दिलेली पोरगी, म्हणतील."

"म्हणू दे की. लोकांचं किती ऐकायचं?"

"लोकांचं न्हाई गं. लोकांचं ऐकून मला कायबी होत न्हाई आता." तिनं पीठ बाजूला सारलं. "तिलाच वाटलं तर? संसार म्हणजे भांडणं होणार. लेकरू व्हायला उशीर लागंल, नाहीतर दुसरं काही. आन् कवातरी, एकदाच, तिच्या मनात आलं की आईनं त्या दिवशी हात लावला नसता तर बरं झालं असतं. ती बोलणार न्हाई. लई गुणी हाय. पण मला तिच्या तोंडावर दिसंल. ते मला बघवणार न्हाई, बाई. त्यापरीस मी मागं उभी राहते."

मी त्या रकान्याला कोणापासून वाचवत होते? ज्या भीतीला मी शेजारपाजारच्या तोंडी, दालमिलच्या गादीवर शोधत होते, ती माझ्यासमोर भाकरी थापत बसली होती, आणि तिला प्रेमाशिवाय दुसरं नाव देता येत नव्हतं.

मी मोबाईल काढला. त्या रकान्यावरून भाचीचं नाव काढलं आणि अक्काचं घातलं. "घे," मी म्हणाले. "आता इथं फक्त तुला लिहिता येईल. पोरीलाही नाही." शीटची मालकीण मीच असल्यामुळं मला अजूनही येत होतं, पण ते मी बोलले नाही. आणि वापरणारही नव्हते.

तिनं पदराला हात पुसले. चष्मा शोधला, स्वतःचा मोबाईल घेतला. एक एक अक्षर दाबत लिहायला लागली. मधेच थांबून मला विचारलं, "काकूचा कू दीर्घच ना?"

"दीर्घच," मी म्हणाले.

भाचीला यातलं काही सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं. मी बरं म्हणाले, आणि नांदेडला परत येताना बसमधूनच भाचीला फोन लावून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, तिच्या तोंडावर दिसेल इथपर्यंत. मला वाटलं आता ती चिडेल, रडेल, कोर्टाचं पुन्हा काढेल.

"राहू दे मग ते तसंच," ती म्हणाली. "आईनं लिहिलंय ना. मी बघते."

काय बघते ते तिनं सांगितलं नाही, आणि या वेळी मीही विचारलं नाही.

लग्न शीटमध्ये लिहिलं होतं त्यातलं काहीही न होता व्यवस्थित पार पडत होतं. माणसं ज्यांना जी गाडी मिळाली तीत बसून आली. वाजंत्रीवाले आत्यांच्या खोलीत झोपले आणि आत्यांनी आदल्या दिवशीच दुसरी चांगली खोली बळकावली होती. वांगी गोड निघाली, त्यामुळं बऱ्याच जणी नाराज झाल्या. अक्षता पडल्या आणि ओळीत सगळ्यात वर जायला भांडलेली मंडळी पंगतीत सगळ्यात पुढं जाऊन बसली.

स्टेजवर आम्ही मोजकेच उरलो. गुरुजी म्हणाले, "कन्यादानाला कोण?" भावजी आणि काकू पुढं होऊन पाटावर बसले. काकूंच्या हातात पाण्याचा तांब्या. भावजी माझ्याकडं बघत नव्हते. अक्का मागच्या बाजूला आहेराच्या पिशव्यांजवळ उभी होती, कुणीही न सांगता. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. माझ्याकडं तिथं कसलाही अधिकार नव्हता.

गुरुजींनी मंत्र सुरू केला. नवरदेवानं ओंजळ धरली. भाचीनं हात पुढं केला, आणि भावजींनी तो धरायच्या आत मागं घेतला.

"हात पुढं, ताई," गुरुजी म्हणाले.

"थांबा, गुरुजी." तिनं मागं वळून बघितलं. आवाज चढवला नाही, पण स्टेजवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "आई, इकडं ये. उद्या माझ्या संसारात काही बिघडलं तर मी यांच्याशी भांडणार आहे. यांनी ऐकलं नाही तर यांच्या आईशी भांडणार आहे. तुझं नाव माझ्या मनात येणार नाही. आलं तर मी तुला फोन करून सांगीन आणि आपण दोघी भांडू. आता ये."

अक्का माझ्याकडं बघायला लागली. तिला कळलं की मी सांगितलंय. मी नजर चुकवली नाही.

नवरदेवाची ओंजळ तशीच होती. तो हळूच म्हणाला, "हाव, आई. माझ्याशीच भांडंल ती. आताबी रोज भांडून राहिली."

कुणी हसलं नाही. भावजी काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांच्या आधी काकू हलल्या. या काकू अख्ख्या लग्नात एक शब्द बोलल्या नव्हत्या, शीटमध्येही त्यांचं नाव कुणी कधी वेगळं लिहिलं नव्हतं, नेहमी नवऱ्याला जोडून. त्या पाटावरून कडेला सरकल्या आणि मधे जागा करून म्हणाल्या, "ये बाई. इथं टेक."

अक्का गेली. मी तिला जाताना बघितलं आणि रडायला लागले, आणि मला पुसायचं भान राहिलं नाही. ती दीर आणि जावेच्या मधे बसली. भावजींनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "मला काही अडचण नाही, माझं मंत्रांपुरतं काम." भावजींनी आपला हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मग म्हणा."

काकूंनी तांब्या तिच्याकडं दिला. अक्कानं पोरीचा हात घेतला, नवरदेवाच्या ओंजळीत ठेवला आणि पाणी सोडायला लागली. धार इकडंतिकडं जात होती. पोरगी तिच्या तोंडाकडंच बघत बसली होती, हाताकडं तिचं लक्ष नव्हतं.

"खाली बघ की," अक्का तिला म्हणाली. "हात नीट धर. पाणी सांडून राहिलं सगळं."